वाढीव वीजबिल : हक्काचे पैसे परत कसे मागाल?

मापात पाप नको, हे व्यापारी बंधूंना सांगावे लागत नाही. कुरआन शरीफमधील सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. मग मीटर न वाचता अंदाजाने लावलेले बिल आपण मुकाट्याने का सोसावे?

अकोला-अमरावतीकडे वेल्डिंग, सुतारकाम, पिठाची चक्की, शिलाई हे सारे धंदे विजेवर चालतात. जादा बिल आले की आपल्यापैकी काही जण ते भरून गप्प बसतात, तर काही भरणेच बंद करतात. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात जोडणी तुटते. दोन्ही टाळता येते.

बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी 'फॉल्टी' किंवा 'लॉक' असा शेरा असेल, तर बिल सरासरीने लावले आहे असे समजावे. त्याच दिवशी मीटरवरील आकड्याचा फोटो घ्यावा, उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि मीटर तपासणी मागावी. मीटर सदोष ठरल्यास बिलाची दुरुस्ती वादाच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच होते. म्हणून उशीर केल्यास नुकसान आपलेच.

वीज कायदा २००३, कलम ५६ नुसार जोडणी तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद मिटेपर्यंत मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची मासिक सरासरी, यांपैकी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. समजा, दरमहा १,८०० रुपये भरणाऱ्यास १४,००० चे बिल आले, तर त्याने १,८०० भरावेत; पुढेही दरमहा भरत राहावे.

ज्याला आपण अजून 'बोर्ड' म्हणतो, ती २००५ पासून महावितरण कंपनी आहे. कार्यालयात दाद न लागल्यास कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जावे. तेथील निकाल मान्य नसल्यास साठ दिवसांत नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे जाता येते. अर्जात तीन मागण्या वेगवेगळ्या लिहाव्यात : बिलाची दुरुस्ती, जादा रकमेवर कलम ६२ प्रमाणे बँक दराने व्याज आणि सेवेतील दिरंगाईबद्दल कलम ५७ ची भरपाई.

एक इशारा. अनधिकृत वापराची कलम १२६ ची आकारणी किंवा वीजचोरी या मंचापुढे चालत नाही. अशी आकारणी ग्राहक न्यायालयातही नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले आहे. तेव्हा आपला व्यवहार साफ ठेवावा, बिले व पावत्या जपाव्यात आणि मग हक्क निर्धास्त मागावा.