मोटर मोठी की गिअर बरोबर?

कासार आंबोलीत पाऊस लागला की ग्राउंड आणि भाताचं खाचर यांत फरक उरत नाही. म्हणून आपल्या आरसी गाड्यांची शर्यत हॉलमध्ये! यंदा नावं द्यायच्या आधीच आमच्या विंगमध्ये मोटरवरून वाद पेटला. माझी रूम पार्टनर खर्चाचे पैसे वाचवून ‘सगळ्यात फास्ट’ मोटर आणायला पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत निघाली होती. तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

आधी हॉल मोजा. बॅडमिंटन कोर्टाची लांबी १३.४ मीटर. वळणाची जागा सोडली तर सरळ पट्टा फार तर १२ मीटर. फरशी गुळगुळीत, वर धूळ. समजा, अशा फरशीवर टायरची पकड सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतकाच वेग वाढू देते. मग उभ्या गाडीला ताशी ४० किमी गाठायला २० मीटरहून जास्त अंतर लागतं. म्हणजे गाडी थेट भिंतीत! ६ मीटर पळायचं आणि ६ मीटरमध्ये ब्रेक लावायचा, तर वेग होतो ताशी साधारण २२ किमी. त्याहून दांडगी मोटर चाकं जागच्या जागी फिरवणार, दुसरं काय?

आता हे २२ कुठून येतात ते पाहा. तामियाची टीटी-०२ ही चासी घ्या. मोटरवरच्या छोट्या गिअरला, म्हणजे पिनियनला, २२ दात. मोठ्या स्पर गिअरला ७०. पुढे डिफपर्यंत आणखी २.६ पट. एकूण रेशो ८.२७. चाकाचा व्यास ६४ मिमी धरला तर परीघ २०१ मिमी, भागिले ८.२७, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात गाडी २४ मिमी पुढे जाते. साधी ५४० मापाची ब्रश मोटर ७.२ व्होल्टवर रिकामी असताना मिनिटाला १५,००० च्या आसपास फिरते. गुणाकार करा : ताशी २२ किमी! किटमधली ‘फालतू’ मोटर आपल्या हॉलला पुरून उरते.

समजा चासीत सोय आहे आणि पिनियन १९ दातांचा बसवला. रेशो ९.५८ होतो, टॉप स्पीड ताशी १९ वर येतो, पण चाकावरचा टॉर्क १६ टक्के वाढतो. (टॉर्कला मराठीत काय म्हणतात हे आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुणी सांगितलंच नाही, मी आपली ‘पीळ’ म्हणते.) वळणातून बाहेर पडताना हाच पीळ उपयोगी पडतो, आणि हॉलमध्ये वळणंच जास्त.

बरेच जण नेमकं उलटं करतात. स्पीड हवा म्हणून पिनियन मोठा लावतात. मोटरला जोर जास्त लावावा लागतो, करंट वाढतो आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दीडपट, तर उष्णता सव्वादोन पट. शेजारच्या रूममध्ये मागच्या सेमला जो वास सुटला होता तो मॅगीचा नव्हता!

ब्रशलेस घ्यायचीच असेल तर केव्ही आकडा बघा. केव्ही म्हणजे दर व्होल्टला किती फेरे. ३००० केव्ही मोटर ७.४ व्होल्टवर २२,२०० फेरे मारते, म्हणजे गिअर आणखी खाली आणायला हवा. सेन्सरवाली असेल तर हळू चालतानाही गचके देत नाही. हॉलसाठी तीच बरी.

माझ्या मते पहिला खर्च बेअरिंगवर करा. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा बुश येतात, त्यात ताकद फुकट जाते. टीटी-०२ ला ११५० बेअरिंग लागतात : बाहेरचा व्यास ११, आतला ५ मिमी. मग पुढच्या डिफमध्ये जरा घट्ट ग्रीस भरा, म्हणजे वळणात आतलं चाक नुसतं भिरभिरत नाही. मागचा डिफ मात्र फार घट्ट करू नका, शेपटी फिरते.

पिनियन बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घालून मोटरचे स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून काढा. ती चुरगळून आली तर बरोबर, फाटून आली तर गिअर फार घट्ट. नंतर पाच मिनिटं गाडी पळवा आणि मोटरला बोट लावून बघा. दोन-तीन सेकंदही बोट टेकवत नसेल तर पिनियनचा एक दात कमी करा.