मोटारसायकलच्या शर्यतीला सहकुटुंब

कामगाराच्या घरची सहल बहुधा ठरलेली असते. कार्ले-भाजेची लेणी, एखादे धरण, नाहीतर पाहुण्यांकडचे लग्न. तिकीट काढून मोटारसायकलची शर्यत पाहायला जावे, असे आपल्या घरांत कोणी मनातही आणीत नाही. 'तो पैसेवाल्यांच्या पोरांचा नाद' एवढ्यावर विषय मिटतो. परंतु पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात आपली किती घरे दुचाकीवर जगतात, याचा हिशेब मांडून पाहा. कोणी आकुर्डी-चाकणच्या कारखान्यांत गाड्या जोडतो, कोणी गॅरेजात हात काळे करतो, कोणी गाडीवरून घरोघर माल पोचवितो. ज्या वस्तूवर आपली भाकरी आहे, तिचा खेळही आपण पाहायला काय हरकत आहे?

याच विचाराने दि. २८ जानेवारी २०२४ रोजी, रविवारी, आम्ही बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात गेलो. 'इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग' या स्पर्धेच्या पहिल्या हंगामाची पहिली फेरी तेथे होती. सोबत सौ., अकरावीतला मुलगा, सातवीतली मुलगी, आमच्या मातोश्री आणि मोटारसायकलवरून जेवण पोचविण्याचे काम करणारा पुतण्या. दोन महिने थोडे थोडे बाजूला टाकून तिकिटांची सोय केली होती. भाकरी-ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या घरूनच घेतल्या.

सुपरक्रॉस म्हणजे काय?

डोंगर-माळावरच्या मोटारसायकल शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. तीच शर्यत स्टेडियममध्ये माती टाकून, उंचवटे व वळणे रचून घेतली की सुपरक्रॉस. १९७२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मोठ्या स्टेडियममध्ये अशी शर्यत झाली आणि तेथून हा प्रकार वाढला. ती पहिली शर्यत जिंकणारा मुलगा सोळा वर्षांचा होता. बालेवाडीत ४५० सीसी, २५० सीसी आणि मुलांसाठी ८५ सीसी असे गट होते. परदेशी स्वारांबरोबर आपले भारतीय स्वारही उतरले होते.

या गाड्यांना दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही, उभी करायला स्टँडसुद्धा नाही. ४५० सीसीच्या शर्यतीच्या गाडीचे वजन साधारण ११० किलो. आपल्या दारातल्या १०० सीसीच्या गाडीचे वजनही जवळपास तेवढेच. फरक ताकदीत आहे. आपली गाडी सुमारे ८ अश्वशक्तीची, ती ५० हून अधिक. तिचे स्प्रिंग सुमारे ३० सेंटीमीटर दबते, आपले दहा-बारा. म्हणूनच ती उंचावरून पडून पुढे धावते. आपल्या गाडीने तसे केले तर गाडी मोडेल आणि हाडेही.

वेगाला लावलेली शिस्त

सर्वांच्या नजरा उड्यांवर खिळल्या होत्या. आम्ही मात्र मुलांना बाकीच्या गोष्टी दाखवीत होतो. सुरुवातीला सर्व गाड्यांपुढे लोखंडी फाटक असते. ते स्वाराच्या दिशेने खाली पडते. जो उतावळेपणाने आधीच सुटतो, तो फाटकात अडकून मागे राहतो. मातोश्री म्हणाल्या, "हे बरं केलंय. घाई करील त्यालाच दंड!"

जागोजागी झेंडेवाले उभे असतात. पिवळा झेंडा हलला की पुढे धोका आहे; तेथे उडी मारायची नाही, दुसऱ्याला मागे टाकायचे नाही. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली. स्वाराच्या अंगावर हनुवटी झाकणारे हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, छातीला ढाल, गुडघ्याला कवच, पोटरीपर्यंत बूट. चष्म्यावर पारदर्शक पापुद्रे लावलेले असतात. चिखल उडाला की वरचा पापुद्रा ओढून टाकायचा. मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका तयार असते.

हे सर्व पाहून पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, दहा-पंधरा मिनिटांच्या शर्यतीला एवढा बंदोबस्त. आम्ही रोज दहा तास रस्त्यावर असतो. आम्हाला पिवळा झेंडा कोण दाखवणार?"

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले. त्यात १४,३३७ मागे बसलेले. म्हणजे कोणाची पत्नी, कोणाची बहीण, कोणाचे लेकरू. शर्यतीत धोका मान्य केलेला असतो, म्हणून त्याची तजवीज आधी होते. पोटासाठी रस्त्यावर धावणाऱ्याची घाई मात्र कोणी धोका म्हणून मोजत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द आला. त्यामागचे हक्क पदरात पडायला या पोरांनी एकत्र येऊन संघटना केली पाहिजे. तोवर घरच्यांनीही झेंडा हातात घ्यावा. आय.एस.आय. छापाचे हेल्मेट, हनुवटीचा पट्टा बांधलेला, चालविणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही.

आमच्या चिरंजीवांनी "मला गाडी कधी?" असे विचारलेच. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षांनंतर मिळतो. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार दंड आहे, हे त्याला तेथेच सांगितले. शर्यतीच्या गाडीला आरसा नसतो, कारण तेथे सारे एकाच दिशेने धावतात. आपल्या रस्त्यावर मागून एस.टी. येते, ट्रक येतो. आरसा काढणाऱ्या व सायलेन्सर फोडणाऱ्या तरुणांनी हेही ऐकावे, की आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गाडीच्या आवाजालाही मर्यादा असते.

मुलीने विचारले, "यात बायका नसतात का?" असतात. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ साली मोटारसायकलच्या बाहा शर्यतींत महिलांचा विश्वचषक जिंकला. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ साली मोटार शर्यतीत पुरुषांबरोबर धावून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या दोन मुलांच्या आई आहेत.

शर्यत जिंकतो एक, पण त्यामागे मेकॅनिक असतो. चाक बदलणारे, स्प्रिंग जुळवणारे ते हात आपल्या गॅरेजातल्या पोरांसारखेच. आय.टी.आय.त दुचाकी दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे. यंत्राचे वेड असलेल्या मुलाला 'वाया गेला' म्हणण्याआधी तिकडे पाठवून पाहा.

असा खेळ जवळपास भरला तर मुलाबाळांसह जरूर जा. कानात घालायला कापूस व तोंडाला रुमाल न्या. आवाज आणि धूळ दोन्ही फार. लहानग्यांना कठड्यापासून दूर बसवा. आणि परतताना घाईतला घाई असो वा नसो, दुचाकी सावकाश चालवा.