केडगावचे मुक्ती सदन

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. मात्र समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथील धर्मभगिनी लंडनजवळच्या फुलहॅममध्ये ज्या मायेने सांभाळत, ते पाहून त्यांच्या मनावर झालेला परिणाम अधिक खोल होता, कारण पतित मानलेल्या स्त्रीलाही सन्मानाने उभे करता येते, हे त्यांना तेथे उमगले.

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, दलालांच्या हाती पडण्याचा धोका असलेल्या शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळच्या केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. तेथील सेवा केवळ अन्नवस्त्रापुरती नव्हती. शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभते अशी कामे मुली स्वतः करीत, अंधांना ब्रेल, म्हणजे स्पर्शाने वाचायची उठावाची लिपी, शिकवली जाई आणि छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत स्त्रियाच राबत. संस्कृतच्या गाढ्या विदुषी असलेल्या रमाबाईंनी पांढरे सुती लुगडे व आश्रमातील साधी राहणी पत्करली आणि उतारवयात, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजावे म्हणून, मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. धर्मांतरामुळे त्यांच्यावर झालेल्या टीकेच्या गदारोळात हे काम महाराष्ट्राने पुरेसे जाणले नाही, हा त्यांच्यावरील अन्यायच होय. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. केडगावची संस्था मात्र निराधार स्त्रिया व मुलांसाठी आजही कार्यरत आहे.