वॉटसन हॉटेलच्या डोक्यावरचं आकाश

मुंबईत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची पाच मजली इमारत आहे. १८६०च्या दशकात ती उभी राहिली तेव्हा तिचं नाव होतं वॉटसन हॉटेल. हिचा सांगाडा मुंबईत बनलेलाच नाही. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या फिनिक्स फाउंड्रीत तिचे लोखंडी खांब ओतले गेले, तुळया घडवल्या गेल्या आणि सगळे सुटे भाग जहाजात भरून इकडे आले. इथल्या मजुरांनी ते एकमेकांत बसवले आणि मधल्या जागा विटांनी भरून काढल्या. आराखडा होता रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या अफाट छपरातही याच माणसाचा हात होता.

त्या काळी घर म्हणजे भिंती. वरच्या मजल्याचा भार खालच्या भिंतीनं पेलायचा, म्हणून जितके मजले जास्त तितकी तळाची भिंत जाड. वॉटसन हॉटेलनं हा हिशेबच मोडला. भार खांबांवर आणि तुळयांवर, भिंत फक्त आडोशापुरती. असे खांब ओतीव लोखंडाचे, म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याच्याच जातीचे. बीड दाबाखाली अचाट ताकदीचं असतं, पण वाकवलं किंवा ताणलं की तडकतं. म्हणून दाब सोसणाऱ्या खांबांना बीड वापरायचं आणि वाक सोसणाऱ्या तुळयांना घडीव लोखंड, अशी त्या पिढीच्या अभियंत्यांची रीत होती. धातूच्या सांगाड्यावर घर उभं करायची हीच कल्पना पुढे पोलाद आणि लिफ्टची जोड मिळून गगनचुंबी इमारतीपर्यंत पोहोचली. शिकागोची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ सालची. तिला पुष्कळजण जगातली पहिली गगनचुंबी इमारत मानतात. वॉटसन हॉटेल तिच्याहून सुमारे दोन दशकांनी वडील आहे. पुढे १९३१ साली शिकागोनं होम इन्शुरन्स पाडली, तिच्या जागी आणखी उंच इमारत हवी होती म्हणून. मुंबईतली तिची ही थोरली नातलग अजून उभी आहे, टेकूंच्या आधारानं का होईना.

७ जुलै १८९६ला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पडद्यावर दिसली. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. भारतातला सिनेमा इथे सुरू झाला. तीनच वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडली. मराठी माणसाला सिनेमाचं जे वेड लागलं, त्याच्या मुळाशी जायचं तर या लोखंडी सांगाड्यापर्यंत यावं लागतं.

पुढे हॉटेल बंद पडलं. इमारतीत खोल्याखोल्यांचे गाळे झाले, वकिलांची कार्यालयं आली, दुकानं आली, बिऱ्हाडंही आली. २००५च्या पावसाळ्यात सज्ज्यांचा भाग कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. त्याच सुमारास जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव लागलं. २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी अहवाल दिला की दुरुस्ती व्यवहार्य नाही, पाडलेलीच बरी. वारसा जपणाऱ्या वास्तुविशारदांनी ठामपणे सांगितलं की सांगाडा वाचवता येतो. मुंबईच्या मध्यवर्ती भागात गेली पन्नास वर्षं जो वाद चालू आहे, तो या एका इमारतीत सापडतो.

वाद साधा दिसतो. एक बाजू म्हणते, शहर म्हणजे संग्रहालय नव्हे, माणसांना सुरक्षित घरं हवीत. दुसरी म्हणते, एकदा पाडलेलं परत येत नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. पण थोडं खोदलं की खाली एक यंत्रणा दिसते, आणि ती दोन्ही बाजूंपेक्षा कितीतरी जास्त विलक्षण आहे.

आधी हे पाहू, की आपण आज ज्याला वारसा म्हणतो तो आला कुठून. फोर्ट म्हणजे कोट. या कोटाला खरोखरच तटबंदी होती, खंदक होता, दरवाजे होते. अपोलो दरवाजा, बाजार दरवाजा, चर्चचा दरवाजा. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात ही तटबंदी पाडली गेली. चर्चगेट स्थानकाच्या नावातला दरवाजा तेव्हाच गेला. तो जिथे होता तिथे फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ हे मराठीतलं थोर पुस्तक १८६३ सालचं, म्हणजे नेमक्या याच उलथापालथीच्या वेळचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांवर पैशाचा पाऊस पडत होता. तटाच्या जागी मोकळे झालेले भूखंड विकले गेले. वॉटसन हॉटेलची जागा त्यातलीच. हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही सगळी ओळ त्या पाडकामाच्या पोटातून जन्मली. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले. १८७८ साली तो पुरा झाला.

मग ओव्हल मैदानाच्या पलीकडे पाहा. तिथे तेव्हा समुद्र होता. १९२०च्या दशकात बॅकबेला भराव घालून जमीन काढली, आणि १९३०च्या दशकात तिच्यावर गोल कोपऱ्यांच्या, रंगीत गिलाव्याच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. इरॉस थिएटर १९३८चं. २०१८ साली युनेस्कोनं मैदानाच्या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा जाहीर केल्या. पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको, मधे क्रिकेट खेळणारी पोरं. एकाच नजरेत दोन नवी शहरं दिसतात, आणि दोन्ही आपापल्या काळी ‘विकास’ होती.

म्हणजे पाडणं हे मुंबईला नवं नाही. मग आजचं पाडणं वेगळं का वाटतं? माझं उत्तर असं: फ्रियरच्या वेळी शहराच्या मनात काय बांधायचं हे आधी ठरलं होतं. आज बहुतेक वेळा इमारत पडते, कारण तिला उभं ठेवणाऱ्या पैशाची वाट कायद्यानंच अडवली आहे.

ही वाट कशी अडली ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात घरांची टंचाई झाली. फाळणीनंतर निर्वासित आले. भाडेकरूंना रस्त्यावर येऊ द्यायचं नाही म्हणून १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं बहुतेक भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. त्या वेळी ते योग्यच होतं, लाखो कुटुंबं त्यामुळे तगली. पण बांध सुटलाच नाही. सिमेंट महागलं, मजुरी महागली, भाडं तिथेच राहिलं. घरमालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू घर सोडेना आणि सोडायचं तर पागडीचा व्यवहार. ही गोठलेली भाडी आता अन्यायकारक झाली आहेत असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली म्हटलं, तेव्हा अर्धशतक उलटून गेलं होतं. १९९९च्या नव्या कायद्यानं दर वर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली. पन्नास वर्षं गोठलेल्या आकड्यावर चार टक्के!

मधल्या काळात इमारती कोसळू लागल्या. १९६९च्या कायद्यानं सरकारनं दुरुस्ती मंडळाची तरतूद केली आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. उपकरप्राप्त म्हणतात त्या या इमारती, तेव्हा १९ हजारांहून जास्त. पण तुटपुंज्या उपकरातून इतक्या इमारती सावरणार कशा? लाकडी टेकू लागले, ट्रान्झिट कॅम्प भरले. भेंडी बाजारात ऑगस्ट २०१७मध्ये हुसैनी इमारत पडली आणि तीसहून जास्त माणसं गेली. वारशावर बोलताना या माणसांकडे पाठ फिरवणाऱ्याचं मी ऐकून घेणार नाही. त्याच भेंडी बाजारात साडेसोळा एकरांतल्या जवळपास अडीचशे इमारती उतरवून नवे मनोरे उभे करण्याचा प्रकल्प तेव्हा आधीच सुरू होता. तिथल्या रहिवाशांना स्वतःच्या मालकीचं घर, आत संडास-मोरीसह, पहिल्यांदा मिळणार होतं. ती ओढ कोणालाही समजावी.

आता यंत्रणेतला सगळ्यात अद्भुत भाग. त्याचं नाव चटईक्षेत्र निर्देशांक, बोलताना एफएसआय. १,००० चौरस मीटरचा भूखंड असेल आणि निर्देशांक १.३३ असेल, तर सगळे मजले मिळून १,३३० चौरस मीटर बांधता येतं. १९९१च्या नियमांत बेटशहरात, म्हणजे उपनगरं सोडून उरलेल्या मुंबईत, साधारण हाच आकडा होता. मौज अशी की गावठाणातल्या, कोटातल्या जुन्या इमारती याच्या कितीतरी पट आधीच बांधलेल्या. साध्या नियमानं पाडल्या तर परत तेवढंही मिळायचं नाही. म्हणून उपकरप्राप्त इमारतींसाठी वेगळी सवलत आली: जुन्या भाडेकरूंना फुकट घरं द्या, त्या बदल्यात निर्देशांक वाढवून घ्या आणि वरचे मजले बाजारात विका. आज किमान ३०० चौरस फुटांचं घर भाडेकरूला द्यावं लागतं. म्हणजे जमिनीवरच्या माणसांचं पुनर्वसन आकाशातल्या माणसांच्या पैशातून. युक्ती चतुर आहे. पण तिचा परिणाम पाहा. दुरुस्त केलेल्या इमारतीतून मालकाला पै मिळत नाही, मोडकळीला आलेलीतून मनोरा मिळतो. जी गोष्ट पडल्यावरच मोलाची ठरते, तिची डागडुजी कोण करेल?

याच्यावर उतारा म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क, टीडीआर, आला. समजा तुमची इमारत वारसा यादीत आहे आणि तिच्यावर मजले चढवायला बंदी आहे. तिच्या डोक्यावरचं न बांधलेलं आकाश वाया गेलं का? नाही. ते कागदावर उतरवायचं आणि दुसऱ्या बिल्डरला विकायचं, तो ते आपल्या भूखंडावर चढवेल. इथली इमारत ठेंगणीच राहते, तिच्या वाट्याचे मजले कुठेतरी दूर उगवतात. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधायला शहरानं नकार दिला, तो खटला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली शहराच्या बाजूनं निकाल लागला. स्थानकाच्या वरचं आकाश शेजारच्या भूखंडांवर नेण्याची सोय असणं हा त्या निकालातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. मुंबईत १९९१च्या नियमांनी टीडीआर आणला. १९९५च्या वारसा नियमांनी इमारतींना श्रेणी दिल्या आणि हक्क नाकारलेल्या मालकाला ही वाट मोकळी केली. कागद विकून हवा एका भूखंडावरून दुसऱ्या भूखंडावर जाते, ही कल्पना मला आजही थक्क करते.

पण या कागदात एक मोठं भोक आहे. टीडीआर विकून आलेला पैसा त्याच इमारतीच्या दुरुस्तीवर खर्च होईल, याची कडेकोट व्यवस्था हवी. आणि ज्या इमारतीत मालक एक, भाडेकरू शंभर, तिथे भरपाई मालकाला आणि पावसात गळणारं छत भाडेकरूला, असं होता कामा नये. वारसा जपण्याची खरी लढाई मला या दोन अटींत दिसते, मोर्चाच्या फलकांत कमी.

शक्य आहे, याचे दाखले आहेत. गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उघडलं, १९९३ साली बंद पडलं आणि २३ वर्षं अंधारात राहिलं. २०१६ साली ते पुन्हा उघडलं, नाटका-गाण्यासाठीच. दुरुस्तीचं शास्त्रही आता हाताशी आहे. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि उन्हात सोडून देतो. त्यावर हौसेनं सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. फोर्टातल्या कित्येक भिंतींना वयापेक्षा जास्त या ‘दुरुस्ती’नं म्हातारं केलं आहे.

लोखंडी सांगाड्याचं तसं नाही. वॉटसन हॉटेलची इमारत सुटे भाग बसवून उभी राहिली, त्यामुळे खराब झालेली तुळई काढून नवी बसवणं तत्त्वतः शक्य आहे. फक्त ते काम करणारे कारागीर, आणि ते करेपर्यंत इमारत सावरून धरणारा पैसा हवा. पाडायची घाई करणाऱ्यांना माझा एवढाच आग्रह आहे: जगात अशा सांगाड्याचं दुसरं हॉटेल शोधून दाखवायला निघाल, तर फार लांबचा प्रवास करावा लागेल.

आणि हा प्रश्न इथे थांबत नाही. ओव्हलच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींना आता नव्वदी गाठली आहे. त्यांच्यात चुना-दगड नाही, सळईचं काँक्रीट आहे. समुद्राची खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. बाहेरून दिसते ती फक्त छताला गेलेली एक केसाएवढी रेघ. यातल्या बऱ्याच घरांतली भाडी अजून भाडे नियंत्रणानं बांधलेली आहेत. युनेस्कोच्या यादीत नाव असलं तरी सळईला मलमपट्टी करायचा खर्च कोणी द्यायचा, हे ठरवायचा कागद मुंबईनं अजून लिहायचा आहे. आणि पावसाळा दर जूनमध्ये येतो.