कोन कापणारी करवत

भिंतीवरील तसबिरीच्या चौकटीचा कोपरा जवळून न्याहाळला, तर सुतारकामांतील एक अवघड प्रश्न तेथें सुटलेला किंवा फसलेला दिसतो. दोन पट्ट्यांचीं टोंकें प्रत्येकीं ४५ अंशांत तिरपीं कापून एकमेकांस भिडविलीं, म्हणजे ९० अंशांचा कोपरा होतो. या सांध्यास मायटर म्हणतात. लांकडाचें कापलेलें टोंक त्यांत उघडें पडत नाहीं आणि पट्टीवरील नक्षी कोपऱ्यावरून अखंड वळते, हें त्याचें सौंदर्य. परंतु चूक लपविण्यास त्यांत जागा नाहीं. प्रत्येक कापांत केवळ पाव अंश कमी पडला, तर एका कोपऱ्यांत अर्धा अंश जातो. चौकटीचे आठ काप मिळून दोन अंशांची तूट येते, आणि शेवटचा कोपरा तोंड उघडून बसतो.

हा कोन हातानें साधण्यासाठीं सुतार एक साधी पेटी वापरीत आले आहेत. तिला तळ व दोन बाजू असतात, आणि बाजूंत ४५ व ९० अंशांच्या खांचा पाडलेल्या असतात. खांच करवतीला वाट दाखविते. पण करवत फिरतां फिरतां लांकडी खांच झिजते आणि कोन बिघडतो. १९६४ सालीं अमेरिकेंतील रॉकवेल कंपनीनें विजेवर चालणारी मायटर करवत पुढें आणली. दारांच्या कडेच्या पट्ट्या, भिंतीच्या तळच्या पट्ट्या, छताखालची नक्षी असें अखेरचें सफाईदार काम करणाऱ्या सुताराचें तें आज एक मुख्य हत्यार आहे.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. खालीं सपाट बैठक, तींत बसविलेली फिरती चकती, मागें उभी आधारपट्टी आणि बिजागरीवर खालीवर होणारा एक दांडा. दांड्याच्या टोंकाशीं मोटार व गोल पातें असतें. चकती फिरविली, कीं आडवा कोन बदलतो. नेहमींच्या कोनांवर ती खांचेंत खटकन् बसते. कांहीं यंत्रांत पातें कुशीवर कलंडवितां येतें, आणि दोन्ही कोन एकाच कापांत साधतां येतात.

या दुहेरी कोनाची गरज अमेरिकन घरांत विशेष दिसते. तेथें भिंत व छत मिळतात त्या जागीं नक्षीदार पट्टी तिरपी बसविण्याची पद्धत आहे. तिची पाठ भिंतीशीं बहुधा ३८ अंशांचा कोन करते. अशी पट्टी बैठकीवर आडवी निजवून काटकोनी कोपऱ्यासाठीं कापावयाची, तर चकती ३१.६ अंशांवर आणि पातें ३३.९ अंशांवर लावावें लागतें. म्हणूनच पुष्कळ यंत्रांवर ३१.६ या चमत्कारिक आंकड्याची खांच मुद्दाम पाडलेली असते. मात्र घराच्या भिंती पुस्तकांतल्या काटकोनांत क्वचितच उभ्या असतात. कोपरा ९१ अंशांचा निघाला, तर हीच खांच चकतीला आपल्याकडे ओढून काम बिघडविते. चांगल्या यंत्रांत खांच तेवढ्यापुरती निकामी करण्याची कळ असते, ती यासाठीं.

पातें बहुधा १० किंवा १२ इंच व्यासाचें असतें. मोठें पातें रुंद फळी कापतें, पण व्यास वाढला कीं कडेची थरथरही वाढण्याचा संभव असतो. सफाईच्या कामाला ६० ते ८० दांत्यांचें पातें घेतात. त्याचे दांते पुढें फारसे झुकलेले नसतात, किंबहुना किंचित् मागें कललेले असतात. त्यामुळें तीं लांकूड हिसकून घेत नाहींत, आणि कापाच्या कडेला कुसळें निघत नाहींत.

हिसका हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. १० इंची पातें मिनिटाला ५,००० फेरे घेऊं लागलें, म्हणजे दांत्यांचा वेग ताशीं सुमारें २४० किलोमीटर होतो. पातें लांकडाला मागें, आधारपट्टीकडे ढकलतें. लांकूड पट्टीला घट्ट टेकलेलें असेल, तर हा जोर पट्टी सोसते. मध्यें फट राहिली, तर लांकूड त्या फटींत आदळतें, आणि धरलेला हातही त्याबरोबर ओढला जातो. वांकलेली फळी असल्यास तिची फुगीर कड आधारपट्टीकडे ठेवावी. उलट ठेवली, तर काप मिटूं लागतो व पातें त्यांत आवळलें जातें.

सफाईकाम करणाऱ्याला खरा धोका असतो तो लहान तुकड्यांचा. नक्षीची पट्टी भिंतीवर जेथें संपते, तेथें दोन बोटें रुंदीचा तुकडा लावून तिचें टोंक झांकावें लागतें. एवढासा तुकडा हातानें धरूं गेलें, कीं बोटें पात्यापाशीं पोंचतात. हात पात्यापासून निदान ६ इंच दूर असावा, हा नियम येथें पाळणें अशक्य होतें. म्हणून तुकडा नेहमीं लांब पट्टीपासूनच कापावा, पट्टी क्लँपनें आवळावी आणि सुटणाऱ्या तुकड्याला हात लावूं नये. काप पुरा होतांच कळ सोडावी, पातें खालींच थांबूं द्यावें, आणि मगच दांडा उचलावा. फिरतें पातें वर घेतलें, तर तोच तुकडा गोळीसारखा उडतो. विजेचा ब्रेक असलेल्या यंत्रांत पातें कांहीं सेकंदांत थांबतें.

दांडा खालीं येतांना उघडणारें व वर जातांना मिटणारें झांकण हें दुसरें संरक्षण. रेघ दिसत नाहीं म्हणून कित्येक कारागीर तें बांधून ठेवतात. त्यावरील योग्य उपाय म्हणजे झांकण स्वच्छ ठेवणें, आणि पात्याची सावली लांकडावर पाडणारा दिवा वापरणें. लांब पट्टीच्या दोन्ही टोंकांस आधार द्यावा, म्हणजे ती वजनानें उचलत नाहीं. डोळ्यांस चष्मा व कानांस बोळे असावेत. हातमोजे मात्र घालूं नयेत, कारण दांत्यांत धागा अडकला कीं हात जातो. भुसा ओढून घेणारी नळी ही चैन नव्हे. लांकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली आहे.

यांतील बहुतेक साधनें दुहेरी काम करतात. क्लँपनें बोटें वांचतात आणि कोनही हलत नाहीं. पातें थांबूं दिल्यानें इजा टळते आणि कड खरवडत नाहीं. घाईनें कापणाऱ्याचीं बोटें व सांधा, दोन्ही एकाच कारणानें धोक्यांत येतात.

यंत्र बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहण्यास एक जुनी युक्ति पुरते. दोन्ही कडा समांतर असलेली एक रुंद फळी ९० अंशांवर कापावी, एक तुकडा उलटा करावा, आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या कडा भिडवाव्या. कडा जुळल्या, तर करवत गुण्यांत आहे. फट दिसली, तर तिच्या निम्मी चूक यंत्राची. ती दुरुस्त करण्यास हात घालण्यापूर्वीं विजेची वायर काढून ठेवावी.