बर्फावरील मोटारसायकल : टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगरांत हिवाळा उतरला, की तेथील हौशी स्वार मोटारसायकलीच्या पुढील चाकाऐवजी रुंद स्की आणि मागील चाकाच्या जागी दातेरी रबरी पट्टा बसवितात. टू-स्ट्रोक इंजिन वजनाने हलके व दुरुस्तीस सुलभ खरे. परंतु मऊ, खोल बर्फात तो जड पट्टा अविरत ओढावयाचा, तर ४५० सीसीचे फोर-स्ट्रोकच पसंत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कडाक्याच्या थंडीत ते पुरेसे तापत नाही, न जळलेले पेट्रोल व बाष्प तेलात उतरते, आणि तपासणीच्या काचेतून पाहावे तो तेल दुधट झालेले आढळते. सबब थर्मोस्टॅट बसविणे व तेल वरचेवर बदलणे अगत्याचे. विरळ हवेमुळे दर हजार मीटर उंचीमागे सुमारे दशांश शक्ती घटते, ती मात्र दोहोंचीही.