बेला गुटमन : शापाच्या दंतकथेआडचा प्रशिक्षक

युरोपीय फुटबॉलच्या इतिहासात बेला गुटमन यांचा उल्लेख बहुधा त्यांनी पोर्तुगालच्या बेनफिका क्लबला दिल्याचे सांगितल्या जाणाऱ्या शापापुरताच होतो. त्यामुळे ज्यूद्वेषाच्या काळात तग धरून अनेक देशांत संघ घडवणाऱ्या या प्रशिक्षकाचे खरे कर्तृत्व झाकोळले गेले आहे.

१८९९ मध्ये बुडापेस्टमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले गुटमन ‘सेंटर हाफ’, म्हणजे मधल्या फळीच्या केंद्रस्थानी राहून बचाव आणि आक्रमण यांची सांगड घालणारे खेळाडू होते. एमटीके संघाबरोबर हंगेरीची लीग जिंकल्यानंतर, मायदेशातील ज्यूद्वेष वाढीस लागला असताना, ते व्हिएन्नातील हाकोआह या ज्यू क्रीडासंस्थेत दाखल झाले. १९२५ मध्ये या संघाने ऑस्ट्रियाची लीग जिंकली आणि पुढच्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यानंतर त्यातील अनेक खेळाडूंप्रमाणे गुटमनही तेथेच स्थिरावले.

१९३३ पासून त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले. १९३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली उइपेश्त संघाने हंगेरीची लीग आणि मध्य युरोपातील क्लबांसाठीचा मित्रोपा चषक जिंकला. मात्र पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यू असल्यामुळे त्यांना लपून राहावे लागले आणि नंतर ज्यूंसाठीच्या सक्तमजुरीच्या छावणीत त्यांची रवानगी झाली. १९४४ च्या अखेरीस तेथून ते निसटले. त्यांच्याबरोबर निसटलेल्यांत एर्नो एर्बश्टाइन हे प्रशिक्षकही होते. गुटमन यांचे वडील आणि बहीण मात्र ज्यूंच्या संहारात बळी पडले.

युद्धानंतर त्यांनी एसी मिलानसह अनेक संघ सांभाळले. १९५७ मध्ये त्यांनी ब्राझीलच्या साओ पाउलो संघाला राज्य विजेतेपद मिळवून दिले. तेथे त्यांनी ४-२-४ ही रचना, म्हणजे चार बचावपटू, मध्ये दोघे आणि चार आघाडीपटू अशी मांडणी, वापरली. पोर्तोला लीग जिंकून दिल्यावर ते बेनफिकात आले आणि या क्लबने १९६१ मध्ये बार्सिलोनाला ३-२ असे नमवून युरोपीय चषक पटकावला. १९६२ च्या अंतिम सामन्यात पुश्काश यांच्या तीन गोलांमुळे मध्यंतराला रेआल माद्रिद ३-२ असे पुढे होते. परंतु कोलुना यांनी बरोबरी साधली, मोझांबिकहून आलेल्या तरुण युसेबियो यांनी दोन गोल केले आणि बेनफिकाने ५-३ असा विजय मिळवला.

त्यानंतर मानधनवाढ नाकारली गेल्याने गुटमन क्लब सोडून गेले आणि शंभर वर्षे बेनफिकाला युरोपीय विजेतेपद मिळणार नाही, असे म्हणाले, अशी आख्यायिका आहे. १९६३ ते २०१४ या काळात क्लबने आठ युरोपीय अंतिम सामने गमावल्याने ती अधिकच रुजली. तथापि, तिसरा हंगाम प्रशिक्षकाला घातक ठरतो असे मानणारे गुटमन कोठेच फार काळ रमत नसत, हे लक्षात घेता त्यांच्या जाण्याचे स्पष्टीकरण शापाविनाही मिळते. शिवाय १९६५ मध्ये ते स्वतःच बेनफिकाचे प्रशिक्षक म्हणून परतले आणि त्या हंगामात एकही मोठे विजेतेपद न मिळवता पायउतार झाले.